तरंगती घोडी

गजूभाऊचा आवाज उतरत चाललाय हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि ते मला गिटारचे स्क्रू पिळताना कळलं. गजूभाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, गजानन. तो मास्तरांच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत गायचा आणि मी त्याच पार्टीत गिटार वाजवायचो. घरी मात्र आम्ही भाजीवालेच. कारंज्याच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचा लहानसा मळा होता. मेथी, पालक, सांबार, वांगी, दोडकी असं जे बाजारात उभ्या उभ्या खपेल ते आम्ही लावायचो. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या माणसाला हे दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी तो हसतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आमच्या घरी सकाळ पाण्याच्या आवाजाने व्हायची. विहिरीवरचं इंजिन फटफटत सुरू झालं की माय ओट्यावर बसून अंबाडीच्या ओल्या वाखाने जुड्या बांधू लागायची. बाबा त्यांच्यावर पाण्याचे हबके मारायचे. बोलणं कमी. मधूनच चुलीवरच्या तव्याचा आवाज, आणि माय हाक न मारता नुसती ताटली पुढे सरकवायची. तिच्यात आदल्या रात्रीची भाकर कुस्करून, वर कच्चं तेल, तिखट-मीठ आणि फोडलेला कांदा. ते खाऊन आम्ही टोपल्या उचलायचो. संध्याकाळी परत आल्यावर कढीगोळे किंवा वांग्याची भाजी, त्यात घालायला मुगाच्या वड्या. मी पुढे मोठमोठ्या हॉटेलांत जेवलो, पैसे देऊन वाईट जेवलो आणि त्यावरून मालकांशी भांडलो. त्या कढीची चव मात्र कोणी दिली नाही. असो, तो विषय नाही.

बाजारात आमची कामं वाटलेली होती. बाबा तागडी धरायचे, गजूभाऊ हाळी द्यायचा आणि भाव मी करायचो. हाळी देणं हे भाऊचंच काम होतं. प्रत्येक भाजीला त्याची वेगळी चाल होती. मेथीला लांब, ताणून. वांग्याला तोडून तोडून. आणि सांबाराला शेवटी अशी वर नेऊन सोडायचा की पलीकडच्या धान्याच्या ओळीतली माणसं मान वळवायची. गिऱ्हाईक त्या आवाजाने यायचं, आणि आलं की माझ्या हातात सापडायचं. मला हाळी जमत नसे. मी ओरडलो की लोकांना भांडण सुरू झाल्यासारखं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते सुरू झालेलंच असायचं. एकदा एका बाईने मेथी उचलून नाक मुरडलं आणि म्हणाली, ही तं कालची दिसते. मी म्हटलं, बाई, कालची असती तं तुमच्याआधी बकरीने नेली असती. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. बाईने जुडी घेतली, पण पुढचे कित्येक आठवडे ती आमच्या समोरच्या दुकानातून, मला दाखवून, मेथी घेत होती. तर असा मी. भावात एक पाऊल मागे येणं मला तेव्हाही जमत नव्हतं, आताही जमत नाही.

ही गिटार माझ्याकडे आली तीही एका सौद्यातच. मास्तर हे आमच्या पार्टीचे मालक. केसांना मेंदी, बोटात पुष्कराज, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. आधी त्यांचा लग्नाचा बँड होता. लोकांना ऑर्केस्ट्रा हवासा वाटू लागला तसे त्यांनी बँडचे कपडे विकले आणि ड्रम, की-बोर्ड घेतले. नागपूरहून त्यांनी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. काळी, कडांचे पोपडे निघालेली, आणि तिला एक लोखंडी दांडी लावलेली. ती दाबली की सूर रडल्यासारखा खाली यायचा आणि सोडली की वर जायचा. दिसायला अशी गिटार वाशीमपासून कारंज्यापर्यंत कोणाकडे नव्हती. पण ती सुरात राहत नव्हती. आधीचा गिटारवाला तिला कंटाळून पार्टी सोडून गेला. मास्तर तिला कारटी म्हणत आणि खुंटीवर टांगून ठेवत. मी त्यांना म्हटलं, हिला मी सुरात आणून दाखवतो. आणली तर वाजवणार मीच. त्यांनी हसत माझ्या हातावर हात मारला. त्यांना खात्री होती की मला ते जमणार नाही. तो माझ्या आयुष्यातला पहिला मोठा सौदा आणि तो मी एकट्याने केला, हे इथे लिहून ठेवतो. पुढे त्याचं काय झालं ते कळेलच.

गिटारच्या अंगावर ज्या पट्टीला तारा अडकवतात तिला आम्ही घोडी म्हणायचो. साध्या गिटारची घोडी लाकडाला घट्ट बसवलेली असते. हिची तशी नव्हती. ती दोन जाड खिळ्यांच्या धारेवर नुसती टेकलेली, अधांतरी, तरंगती. पुढून सहा तारा तिला ओढतात. गिटार पालथी करून मागचं झाकण काढलं की पोटात खाच दिसते, तिथे स्प्रिंगा असतात. त्या घोडीला उलट बाजूने ओढतात. दोन्हींची ओढ सारखी असली तर घोडी सपाट राहते. एक तार चढवली की घोडी पुढे झुकते आणि बाकीच्या पाचही तारा उतरतात. त्या चढवाव्यात तर पहिली उतरते. आधीचा गिटारवाला याच फेऱ्यात वेडा झाला होता. मीही कित्येक दुपारी विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडतं त्या हौदाच्या काठाला बसून शिव्या देत तेच केलं, आणि एकदा रागाने तिला पाण्यात टाकायला उचललंही.

मग एका बाजाराच्या दिवशी बाबा वांगी जोखत होते. तागडी एका अंगाला गेली, त्यांनी पलीकडे एक वांगं टाकलं, ती दुसऱ्या अंगाला गेली. मी हे जन्मापासून पाहत आलो होतो. पण त्या दिवशी मला त्या तागडीत घोडी दिसली. एका पारड्यात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. मी इतके दिवस एकाच पारड्यात चढउतार करत होतो. स्प्रिंगा ज्या पत्र्याला अडकवल्या होत्या तो दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला होता. ते स्क्रू म्हणजे दुसरं पारडं. घरी जाऊन मी सगळ्या तारा थोड्या थोड्या चढवत गेलो, एकीला पूर्ण सुरात न आणता, फेरी मारत, आणि घोडी पुढे वाकली की मागचे स्क्रू पाव वळसा घट्ट. पुन्हा फेरी. प्रत्येक फेरीला फरक कमी होत गेला. शेवटी घोडी थारोळ्यातल्या पाण्यासारखी सपाट उभी राहिली आणि सहाही तारा जिथल्या तिथे थांबल्या. मानेच्या टोकाला तारा दाबून धरणारी लहान कुलुपं होती, ती आवळायला सहा कोनांची चावी लागते. ती मी रफीकभाईच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणली आणि परत केली नाही. मास्तरांनी दांडी दाबून सोडली, पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. तारा सुरातच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, शनिवारपासून ये.

आता एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावरच पुढचं सगळं आहे. आम्हाला गिटार शिकवणारं कोणी नव्हतं. आमच्याकडे गाणं म्हणजे भजन आणि तबला; आणि तबला गाणाऱ्याच्या सुराला लावतात. गाणारा पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोट ठेवून सांगतो, माझी काळी दोन, की तबलजी हातोडी घेतो. मला वाटलं गिटारचंही तसंच असणार. माझी बोटं ठरलेल्या जागी पडायची, त्यामुळे गाणारा जितका खाली तितकी आख्खी गिटार मी खाली उतरवायचो. सूर बदलला तर बोटं सरकवायची असतात, गिटारला हात लावायचा नसतो, हे मला फार वर्षांनी नागपूरच्या एका वादकाने सांगितलं आणि तो पोट धरून हसला. मी हसलो नाही. साधी गिटार असती तर ही चूक खपून गेली असती. तरंगत्या घोडीला ती खपत नाही. तारा उतरवल्या की स्प्रिंगा जिंकतात, घोडी मागे बसते, तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर टेकतात आणि गिटार खरखरते. म्हणजे भाऊचा सूर बदलला की मला झाकण उघडून मागचे स्क्रू सैल करावे लागत, आणि अर्धा दिवस पुन्हा तागडी जुळवत बसावं लागे.

पार्टी जोरात होती तेव्हा भाऊची पांढरी तीन होती. त्या सुरात त्याचा आवाज मंडपाच्या पडद्यांना लागून परत यायचा. मग एका लग्नाच्या आधी तो मला म्हणाला, आज काळी दोनले घे, जरा सर्दी हाये. मी उतरवली. सर्दी गेली, पण सूर परत चढला नाही. पुढे पांढरी दोन. की-बोर्डवाल्याला काय, एक बटण दाबलं की झालं, त्याच्या लक्षातही राहत नसे. मी मात्र प्रत्येक वेळी ते दोन स्क्रू उलटे फिरवत होतो. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत मी ते एकदाही सुलटे फिरवले नाहीत. पोळा आला तेव्हा आम्ही काळी एकला होतो. तारा इतक्या सैल की जोरात छेडल्या तर सूरच डगमगायचा, आणि स्क्रू लाकडातून अर्धे बाहेर आलेले. अजून खाली जायला जागा नव्हती. मी झाकण लावलं आणि गिटार पालथीच गुडघ्यावर धरून बसलो.

माय त्याला जेष्ठमध चघळायला द्यायची, रात्री हळदीचं दूध. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की घशाच्या आत गाठी आल्यात, काही महिने बोलायचंच नाही, ओरडणं तर सोडाच. भाऊने ते घरी येऊन कुजबुजत सांगितलं. बाबा म्हणाले, बाजाराले मुकं जावं काय? त्यांना दुष्टपणा करायचा नव्हता. मेथी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, हाळी मी देतो. दोन बाजार दिलीही. पहिल्या बाजारात एकाशी हमरीतुमरी झाली, दुसऱ्यात अर्धा माल परत आला. तिसऱ्या बाजारी भाऊ टोपलीमागे उभा राहिला आणि मला बाजूला सरकवून त्याने वांग्याची हाळी दिली. आवाज कागद फाडल्यासारखा. लोक आले मात्र. रात्री गाणं आणि दिवसा हाळी, यातलं एक सुटलं असतं तर गळा वाचला असता. मास्तर म्हणायचे बाजार सोड, बाबा म्हणायचे गाणं सोड, आणि भाऊ दोघांनाही हो म्हणायचा. मला या माणसाचा राग यायचा. नाही म्हणायला काय लागतं? मी तर तोंड उघडलं की आधी नाहीच म्हणतो.

गाणं हे त्याचं सगळं होतं, हे मी वेगळं काय लिहू. त्याला लग्नाची घाई नव्हती, कपड्यांची हौस नव्हती. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून तो कमी जेवायचा आणि विहिरीच्या कठड्याला पाठ लावून डोळे मिटून बसायचा. त्या वेळी माय कोंबड्यांनाही हाकलत नसे.

पितृपक्षात कार्यक्रम नसतात. त्या दिवसांत एकदा मास्तर मळ्यात आले. आम्ही दोघं भाऊ जुड्या बांधत होतो. ते खाटेवर बसले, मायच्या हातचा चहा घेतला, पावसाचं बोलले, आणि उठता उठता मला म्हणाले, "मेडशीच्या दुर्गादेवीचा कार्यक्रम हाये. गिटार पांढरी तीनले लाव."

मी भाऊकडे पाहिलं. तो वाख भिजवत होता.

"गळा सुधारला काय भाऊचा?" मी विचारलं.

"तू लाव ना बापा," मास्तर म्हणाले आणि चपला घालू लागले.

भाऊने माझ्याकडून एक जुडी घेतली, सैल बांधली होती म्हणून सोडली आणि पुन्हा आवळून बांधली. मला वाटलं, डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलंय म्हणून गप्प आहे. खरंच तो त्या पंधरवड्यात बाजारातही आला नव्हता. बाबा स्वतःहून मला घेऊन गेले होते. मला वाटलं, गळ्याला विसावा मिळाला. मला जे वाटायला हवं होतं तेच मला वाटलं.

तारा चढवायला मला पूर्ण एक दिवस लागला आणि तो दिवस मी विसरलेलो नाही. उन्हात खाट टाकली. नव्या तारा आणल्या होत्या. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी खाचेत पडते, म्हणून तिच्याखाली वांग्याच्या पेटीची पातळ फळी सरकवली आणि एकेक तार बदलली. नवी तार ताणली की लगेच सैल पडते, तिला हाताने उचलून ओढावं लागतं, पुन्हा चढवावं लागतं. जाड तारेपासून सुरुवात केली. फेरी मारली. घोडी पुढे झुकली. मागचे स्क्रू वर्षभरात पहिल्यांदाच सुलटे फिरवले. ते लाकडात आत जाताना कुरकुरत होते आणि प्रत्येक कुरकुरीला माझा जीव वर येत होता. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. उतरताना वर्ष लागलेला रस्ता मी दिवेलागणीच्या आत परत चढून आलो. फळी काढली. घोडी हलली, थरथरली, आणि सपाट उभी राहिली. कुलुपं आवळली. गिटार पार्टीच्या लहान अॅम्प्लिफायरला जोडून मोकळ्या तारांवरून हात फिरवला तर मळ्याच्या त्या टोकाला असलेल्या बाबांनी खुरपं थांबवलं.

माय दारात आली. तिला काळी-पांढरी कळत नव्हती, पण वर्षभर ऐकत असलेला आवाज आणि हा आवाज यातला फरक तिला कळला. म्हणाली, "गजूचा गळा मोकळा झाला वाट्टे."

मी म्हटलं, हो. तिने त्या संध्याकाळी गुळाचा शिरा केला, वर तूप सोडलं आणि भाऊच्या ताटलीत दोनदा वाढला. भाऊने तो सगळा खाल्ला. शेवटचा घास बोटाने पुसून खाल्ला. हे मी का विसरत नाही ते मला माहीत आहे.

मेडशीला आम्ही सामानासोबत मास्तरांच्या मॅटॅडोरमधून गेलो. भाऊ म्हणाला, तुमी व्हा पुढे, मी यष्टीने येतो. पुढच्या सीटवर मास्तरांशेजारी एक अनोळखी पोरगा बसला होता, अमरावतीकडचा, पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल. मला वाटलं निवेदन करायला आणलाय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडलं होतं आणि वास आत येत होता. मी गिटार मांडीवर धरून बसलो होतो. गाडीच्या धक्क्याने घोडी हलू नये म्हणून तिच्याखाली रुमालाची घडी घातली होती.

मंडपात माइक लावून झाले. मास्तर म्हणाले, जरा आवाज पाहून घ्या. तो पोरगा पुढे गेला, रुमाल सैल केला आणि त्याने तान घेतली. पांढरी तीन. माझ्या तारांवर अशी बसली की एकही छेडलेली नसताना त्या सहाही आपोआप घुमू लागल्या. चांगला गात होता. तो वाईट गायला असता तर मी आज हे प्रकरण इतक्या शांतपणे लिहिलं नसतं. मी हाताने तारा दाबल्या आणि मास्तरांकडे पाहिलं. ते वायरी मोजत होते.

मी गिटार काखेत मारली, चावी आणि स्क्रू पिळायचा पेचकस घेतला आणि स्टेजच्या मागे गेलो. मनात काय होतं ते सरळ सांगतो. एक जाड तार सोडायची, बास. बाकीच्या पाच आपोआप वेड्यावाकड्या चढतात आणि मग ती गिटार त्या दिवशी कोणाच्या बापाने लागत नाही. तेवढ्यात भाऊ समोरून आला. यष्टीतून उतरून चालत आलेला, पायावर धूळ, डोक्याला तेल लावून भांग पाडलेला. त्याने माझ्या हातातली चावी पाहिली.

"तुले मालूम होतं?" मी विचारलं.

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

त्याला बोलायला त्रास होत होता. तो जवळ आला. "तुले सांगतलं असतं तं तू गिटार लावली असती काय?"

मी म्हटलं, मास्तराला आत्ता इथे सगळ्यांसमोर विचारतो. त्याने माझं मनगट धरलं. भाऊने मला कधी धरलं नव्हतं.

"आयक नाऱ्या. त्या पोट्ट्यासंगं त्याचा गिटारवाला बी येऊन राह्यला होता. मी मास्तरले म्हनलं, मी गपचूप उतरतो, गावात कोनाले काई सांगत नाई. पन नाऱ्याले काढाचं नाई. त्याईनं होकार देल्ला." तो थांबला, थुंकी गिळली. "आता तू तमाशा नको करू. वाजव."

"माह्यावर सौदा करणारा तू कोन?"

तो हसला. खरंच हसला. "मोठा भाऊ हाये ना बे," म्हणाला, आणि जाऊन बायकांच्या मागच्या ओळीत, सतरंजीच्या कडेला बसला.

मी वाजवलं. हे मला कोणी तरी विचारावं आणि मी सांगावं असं अनेक वर्षं वाटत होतं, पण कोणी विचारलं नाही. मी वाजवलं आणि ती गिटार जन्मात कधी वाजली नाही अशी वाजली. दांडी दाबली की सूर खोल विहिरीत गेल्यासारखा जाई आणि सोडली की जिथल्या तिथे परत येई. लोक शिट्ट्या वाजवत होते. देवीसमोरच्या समया जळत होत्या. मी एकदाही सतरंजीकडे पाहिलं नाही, तरी तो ताल धरत नाही हे मला दिसत होतं. तो हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत होता. मध्ये मास्तर माइकवर आले आणि म्हणाले, आपले जुने गायक आज रसिकांत बसले आहेत. टाळ्या पडल्या. भाऊने उठून नमस्कार केला. तेवढा त्याचा निरोप समारंभ.

माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे, की त्याने सौदा वाईट केला. मला विचारलं असतं तर मी मास्तरांना सोडलं नसतं. वरची गाणी त्या पोराला द्या, आरती आणि सुरुवातीची दोन भजनं खालच्या सुरात भाऊला ठेवा. वर्ष-दोन वर्षं विसावा मिळाला की गळ्याचं पाहू. मास्तर कुठे कुठे वाकतात ते मला ठाऊक होतं. त्यांना कारंज्यात भाऊच्या नावाने कार्यक्रम मिळत होते, ते नाव फुकट का सोडायचं? पण जो माणूस हातात तागडी न घेता सगळा माल उचलून देतो त्याला काय सांगणार. आणि दिला कशासाठी, तर माझ्यासाठी. माझी जागा मी गिटार सुरात आणून कमावली होती. ती पुन्हा विकत घ्यायला त्याला कोणी सांगितलं होतं?

भाऊ पुन्हा गायला नाही. गाठींचं ऑपरेशन पुढे झालं, त्यानंतर राहिलेला आवाजही गेला. राहिली ती फुंकर. मायला आम्ही सांगितलं की गजूने स्वतःच सोडलं. ती म्हणाली, बरं केलं, दगदग होत होती. त्या पार्टीत मी आणखी काही वर्षं काढली. तिथेच मला माइक, अॅम्प्लिफायर, बॉक्स यांचं काम कळलं, तिथेच ओळखी झाल्या, आणि त्यातूनच माझा साउंडचा धंदा उभा राहिला. आज पाच-सहा तालुक्यांत माझे बॉक्स जातात. सत्कारात लोक म्हणतात, या माणसाने सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं. मी हार घालून घेतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारण ते खरं नाही, आणि ते खरं असू नये याची व्यवस्था माझ्या भावाने मला न विचारता करून ठेवली.

मागच्या वर्षी मी ठरवलं की हे आता संपवायचं. धंद्यात अर्धी भागी भाऊच्या नावावर करतो, असा निरोप मी त्याच्या मुलाकडून पाठवला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. आत नवे बॉक्स वाजवून पाहणं चाललं होतं, जमीन हादरत होती. तो काउंटरपाशी उभा राहून काही तरी म्हणाला. ओठ हलले. मी हात केला, एक मशीन बंद झालं. तरी ऐकू येईना. दुसरं बंद केलं. शेवटी पंखाही बंद केला.

"तू हे मले परत करून राह्यला काय?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मंग नाई घेत."

मी रागावलो, मोठ्याने बोललो, त्याला हट्टी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर त्याने काउंटरवरची आपली पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरला. कामावरच्या माणसाने विचारलं, चालू करू? मी हाताने थांब म्हटलं. भाऊ रस्ता ओलांडून जाईपर्यंत मी सगळं बंद ठेवलं. तो जाता जाता काही बोलला असता तर मला ऐकू आलं असतं.